सीसीटीव्हीची स्मरणशक्ती : चित्रण साठवणाऱ्या हार्ड डिस्कचे तंत्र, हिशेब आणि निगा

म्हापशाच्या बाजारपेठेतील दुकान असो, फोंड्यातील गृहनिर्माण संस्था असो, एखादे देवस्थान असो वा किनाऱ्यालगतचे अतिथीगृह. सीसीटीव्ही कॅमेरा आता सर्वत्र दिसतो. तो विकत घेताना चर्चा होते ती कॅमेऱ्याचीच. चित्र किती मेगापिक्सलचे, रात्री किती अंतरावरचे दिसते, मोबाइलवर पाहता येते का, हे प्रश्न आवर्जून विचारले जातात. हे सारे चित्रण ज्या हार्ड डिस्कवर साठते, तिचा उल्लेख दरपत्रकाच्या शेवटच्या ओळीत येतो आणि बहुधा तेथेच संपतो.

घटना घडल्यावर मात्र सगळा भार त्या डिस्कवर येतो. चोरी आठ दिवसांनी लक्षात आली आणि डिस्कवर सहाच दिवसांचे चित्रण शिल्लक असेल, तर कॅमेरा कितीही उत्तम असला तरी त्याने पाहिलेले कोणालाच पाहता येत नाही. किती दिवसांचे चित्रण आपल्याजवळ राहील हे खरेदीपूर्वी साध्या गुणाकाराने मोजता येते आणि नंतर दर महिन्याला तपासताही येते. त्यासाठी डिस्क कशी चालते, सीसीटीव्हीसाठी ती वेगळी का असावी लागते आणि तिच्या वेष्टनावरील आकडे काय सांगतात, हे समजून घेणे पुरेसे आहे.

फितीपासून तबकडीपर्यंत

चित्रफीत आणि हार्ड डिस्क या दोहोंचा व्यावहारिक जन्म एकाच वर्षी, १९५६ मध्ये, अमेरिकेत झाला. एप्रिलमध्ये ॲम्पेक्स कंपनीने दूरचित्रवाणी केंद्रांना वापरता येईल असे चित्रफीत यंत्र लोकांपुढे आणले. सप्टेंबरमध्ये आयबीएमने रॅमॅक हा संगणक जाहीर केला. रॅमॅकच्या साठवण यंत्रात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्यांवर ५० लाख अक्षरे मावत. आजच्या मापात ही क्षमता पावणेचार मेगाबाइटच्या आसपास भरते. सध्याच्या एका साध्या कॅमेऱ्याचे चित्रण तीवर जेमतेम १५ सेकंद मावले असते.

निगराणीच्या कामासाठी पुढील कित्येक दशके फीतच वापरली गेली. एका कॅसेटवर संपूर्ण दिवस बसवण्यासाठी सेकंदाला मोजकीच चित्रे टिपली जात. कॅसेट बदलायला माणूस लागे, तीच फीत पुन:पुन्हा वापरल्याने चित्र अंधुक होई आणि दमट हवेत फितीला बुरशी धरे. १९९० च्या दशकात चित्रणाचे अंकीय संक्षेपण करून ते हार्ड डिस्कवर उतरवणारा डीव्हीआर आला. पुढे संगणकीय जाळ्यावर चालणाऱ्या कॅमेऱ्यांसाठी एनव्हीआर आला. डीव्हीआरमध्ये कॅमेऱ्याकडून आलेल्या चित्राचे संक्षेपण पेटीत होते, तर एनव्हीआरमध्ये ते कॅमेऱ्यातच होऊन येते. साठवणीची जागा मात्र दोन्हींत एकच, ती म्हणजे हार्ड डिस्क.

डिस्कने दोन सोयी दिल्या. कोणत्याही क्षणाचे चित्रण फीत न फिरवता चटकन काढता येऊ लागले. शिवाय जागा भरली की सर्वांत जुने चित्रण आपोआप पुसून त्यावर नवे लिहिण्याची व्यवस्था झाली. ही दुसरी सोय जितकी उपयुक्त, तितकीच घातक ठरू शकते; कारण जुने केव्हा पुसले गेले हे मालकाला कोणी कळवत नाही.

तबकडीवर नोंद कशी होते

हार्ड डिस्कच्या बंद पेटीत काचेच्या वा ॲल्युमिनियमच्या गुळगुळीत तबकड्या एका आसावर मिनिटाला ५४०० ते ७२०० फेरे घेत असतात. तबकडीवर चुंबकीय द्रव्याचा अतिशय पातळ थर असतो. वाचन-लेखन करणारे हेड एका हलत्या दांडीच्या टोकाला असते आणि ते तबकडीला न टेकता अवघ्या काही नॅनोमीटर उंचीवरून तरंगत जाते. लिहिताना ते थरातील सूक्ष्म भागांची चुंबकीय दिशा बदलते आणि वाचताना ती दिशा ओळखते. शून्य आणि एक या दोन अंकांत मांडलेले चित्र अशा रीतीने वर्तुळाकार मार्गांवर, म्हणजे ट्रॅकवर, उमटत जाते.

ही नोंद अधिकाधिक दाट करण्याचा इतिहास म्हणजेच हार्ड डिस्कचा इतिहास होय. आल्बेर फेर आणि पेटर ग्रुनबर्ग यांनी १९८८ मध्ये स्वतंत्रपणे शोधलेल्या चुंबकीय परिणामामुळे अतिशय क्षीण खुणा वाचणारे हेड तयार करता आले. या शोधाला २००७ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. २००५ पासून चुंबकीय खुणा तबकडीवर आडव्या न ठेवता उभ्या ठेवण्याचे तंत्र बाजारात आले आणि तेवढ्याच जागेत कितीतरी अधिक माहिती मावू लागली. आज एका साडेतीन इंची डिस्कवर अनेक टेराबाइट मावतात, ते या टप्प्यांमुळे.

सीसीटीव्हीचे काम वेगळे कसे

घरच्या संगणकातील डिस्क दिवसाचा बराच वेळ रिकामी असते. आपण फाइल उघडतो, वाचतो, थोडे लिहितो आणि संगणक बंद करतो. अशा काही डिस्कच्या तांत्रिक तक्त्यात वर्षाला सुमारे २४०० तास वापर आणि ५५ टेराबाइट वाचन-लेखन गृहीत धरलेले असते. सीसीटीव्हीची डिस्क वर्षाचे ८७६० तास अखंड फिरते. तिचा जवळजवळ सगळा वेळ लिहिण्यात जातो आणि वाचन क्वचितच होते. शिवाय आठ, सोळा वा बत्तीस कॅमेऱ्यांचे प्रवाह एकाच वेळी येत असल्याने हेडला एका ट्रॅकवरून दुसऱ्याकडे सतत धावावे लागते.

म्हणून सर्व्हेलन्स डिस्क या नावाने स्वतंत्र प्रकार विकला जातो. वेस्टर्न डिजिटलची पर्पल, सीगेटची स्कायहॉक आणि तोशिबाची एस ३०० ही त्यांतील परिचित नावे होत. त्यांच्या तबकड्या आणि हेड मूलत: निराळी नसतात; वेगळेपण असते ते मुख्यत: डिस्कच्या अंतर्गत आज्ञावलीत, अखंड चालण्याच्या हमीत आणि कंपने सोसण्याच्या तयारीत.

यांपैकी आज्ञावलीतील फरक समजण्यासारखा आहे. तबकडीवरील एखादी जागा नीट लिहिली वा वाचली गेली नाही, तर साधी डिस्क ती दुरुस्त करण्याचा पुन:पुन्हा प्रयत्न करते. त्यात काही सेकंद जाऊ शकतात. हिशेबाच्या फाइलसाठी हे योग्यच आहे, कारण तेथे एक अंकही चुकून चालत नाही. कॅमेरे मात्र थांबत नाहीत. डिस्क एका जागेत अडकली की तेवढ्या वेळात आलेली चित्रे ठेवायला जागा उरत नाही आणि ती गळतात. यावर उपाय म्हणून चित्रप्रवाहासाठी खास आज्ञांचा संच ठरवण्यात आला. डीव्हीआरने या आज्ञा वापरल्या, तर ठरावीक वेळेत काम न झाल्यास डिस्क तो भाग सोडून पुढे जाते. चित्रात एखादा ठिपका बिघडला तर माणूस ओळखायला अडचण येत नाही; दहा सेकंद गळले तर सारी घटनाच निसटू शकते. याच कारणाने डीव्हीआरमध्ये संगणकाची जुनी डिस्क बसवणे हा काटकसरीचा नव्हे, जोखमीचा मार्ग ठरतो.

किती दिवसांचे चित्रण मावेल

क्षमतेचा हिशेब एका संख्येवर उभा आहे, ती म्हणजे बिटरेट. कॅमेरा दर सेकंदाला किती माहिती पाठवतो ते या संख्येने कळते आणि डीव्हीआरच्या सेटिंगमध्ये ती मेगाबिटमध्ये दिलेली असते. एक सूत्र लक्षात ठेवावे : सेकंदाला १ मेगाबिट या गतीने २४ तासांत १०.८ गिगाबाइट जागा लागते. पुढचे सर्व या संख्येच्या गुणाकाराने निघते.

समजा, दुकानात आठ कॅमेरे आहेत आणि प्रत्येकाचा बिटरेट ४ मेगाबिट आहे. एका कॅमेऱ्याला दिवसाला ४३.२ गिगाबाइट आणि आठांना मिळून ३४५.६ गिगाबाइट लागतील. तीस दिवसांचे चित्रण हवे असेल तर सुमारे १०.४ टेराबाइट जागा हवी. विक्रेत्याने ४ टेराबाइटची डिस्क बसवली असेल, तर बाराव्या दिवशी पहिला दिवस पुसला जाऊ लागेल. कॅमेरे एच.२६५ या नव्या संक्षेपण पद्धतीचे असतील तर जुन्या एच.२६४ पद्धतीच्या तुलनेत साधारण निम्म्या बिटरेटमध्ये तशाच प्रतीचे चित्र मिळते. तेव्हा २ मेगाबिट धरल्यास तीच आठ कॅमेऱ्यांची गरज दिवसाला १७२.८ गिगाबाइट आणि महिन्याला ५.२ टेराबाइटवर येते. ६ टेराबाइटची डिस्क पुरते.

या हिशेबात तीन गोष्टींची भर घालावी लागते. पहिली, कंपन्या एक टेराबाइट म्हणजे एकावर बारा शून्ये इतके बाइट असे मोजतात, तर पुष्कळशी यंत्रे १०२४ च्या पटीत मोजतात. त्यामुळे १ टेराबाइटची डिस्क पडद्यावर ९३१ गिगाबाइटची दिसते. यात फसवणूक नसून मापांचा फरक आहे. दुसरी, बिटरेट बदलता ठेवलेला असेल तर चित्रातील हालचालीनुसार तो चढतो-उतरतो. रात्रीच्या अंधुक प्रकाशात चित्रावर दाणेदारपणा येतो आणि तोही जागा खातो. तिसरी, ‘हालचाल असेल तेव्हाच चित्रण’ या सोयीवर फार विसंबू नये. आपल्याकडे आषाढ-श्रावणात पावसाच्या सरी, हलणारी माडाची झावळी आणि दिव्याभोवतीचे किडे यांनाही कॅमेरा हालचालच समजतो. एप्रिलमध्ये चाळीस दिवस पुरणारी डिस्क जुलैत पंचवीस दिवसांतच भरली, तर कारण बहुधा हेच असते. म्हणून हिशेब पावसाळ्याचा करावा आणि वर काही टक्के मोकळी जागा ठेवावी.

वेष्टनावरील आकडे

सर्व्हेलन्स डिस्कच्या माहितीपत्रकात दोन आकडे ठळक असतात : ‘६४ कॅमेऱ्यांपर्यंत’ आणि ‘वर्षाला १८० टेराबाइट’. दोन्ही एकत्र वाचले पाहिजेत. वर्षाला १८० टेराबाइट म्हणजे दिवसाला सुमारे ४९३ गिगाबाइट, अर्थात सेकंदाला साधारण ४५ मेगाबिट. ४ मेगाबिटचे अकरा कॅमेरे इतक्यात ही मर्यादा गाठतात. चौसष्ट कॅमेरे एकाच डिस्कवर लावले, तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ०.७ मेगाबिट येतात आणि एवढ्यात चेहरा ओळखण्याइतके स्पष्ट चित्र मिळणे कठीण असते. ६४ हा आकडा एकाच वेळी किती प्रवाह डिस्क सांभाळू शकते ते सांगतो. १८० हा आकडा तिने वर्षभरात किती काम करावे असे निर्मात्याला अपेक्षित आहे ते सांगतो. दुसरा आकडा आपल्या हिशेबासाठी अधिक महत्त्वाचा. कॅमेरे त्याहून अधिक असतील तर काम दोन डिस्कवर विभागावे किंवा वर्षाला ५५० टेराबाइटची क्षमता असलेली वरच्या श्रेणीची डिस्क घ्यावी.

हाच हिशेब साध्या संगणकी डिस्कला लावून पाहावा. वरच्या उदाहरणातील एच.२६५ चे आठ कॅमेरे वर्षाला ६३ टेराबाइट लिहितात. म्हणजे लहानशा दुकानाची व्यवस्थादेखील ५५ टेराबाइटची मर्यादा ओलांडते.

‘दहा लाख तास’ हा तिसरा आकडा अनेकदा गैरसमज करतो. दहा लाख तास म्हणजे ११४ वर्षे. पण एक डिस्क इतकी वर्षे चालेल असा त्याचा अर्थ नाही. मोठ्या संख्येने डिस्क चालू असताना त्यांपैकी वर्षाला साधारण ०.९ टक्के बंद पडतील, असे ते अनुमान असते. हमीची मुदत सामान्य सर्व्हेलन्स डिस्कला बहुधा तीन वर्षांची आणि वरच्या श्रेणीला पाच वर्षांची असते. डिस्क बदलण्याचे नियोजन या मुदतीकडे पाहून करणे शहाणपणाचे.

कौलांसारखे ट्रॅक

डिस्क निवडताना सीएमआर आणि एसएमआर ही दोन आद्याक्षरी नावे भेटतात. सीएमआर पद्धतीत शेजारशेजारचे ट्रॅक एकमेकांपासून वेगळे असतात. एसएमआर पद्धतीत ते छपरावरच्या कौलांप्रमाणे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात. लिहिणारे हेड रुंद आणि वाचणारे अरुंद असल्याने अशा चढवलेल्या ट्रॅकचा उघडा राहिलेला भाग वाचायला पुरतो आणि त्याच तबकडीवर अधिक माहिती मावते.

अडचण येते ती मधलेच काही बदलताना. छपरातील खालच्या ओळीचे एक कौल काढायचे तर वरची कौले उचलावी लागतात. तसेच एका ट्रॅकवर पुन्हा लिहायचे तर त्या पट्ट्यातील पुढचे ट्रॅकही नव्याने लिहावे लागतात. हे काम डिस्क फावल्या वेळात करते. घरच्या संगणकात असा फावला वेळ भरपूर मिळतो. सीसीटीव्हीत तो मिळत नाही. सलग एकाच प्रवाहाचे लेखन असेल तर एसएमआर डिस्क बरे काम करते. अनेक प्रवाह, पुसणे आणि पुन्हा लिहिणे एकत्र आले की तिची गती खाली येऊ शकते. एका डिस्कची माहिती दुसरीवर नव्याने उभारण्याच्या वेळी हा फरक विशेष जाणवतो. बाहेरून दोन्ही डिस्क सारख्याच दिसतात, म्हणून नेमक्या मॉडेल क्रमांकाचा तांत्रिक तक्ता पाहून सीएमआर असल्याची खात्री करून घ्यावी.

मोठ्या क्षमतेच्या अनेक डिस्कमध्ये हवेऐवजी हीलियम वायू भरलेला असतो. अशी पहिली डिस्क २०१३ मध्ये बाजारात आली. हीलियमची घनता हवेच्या सुमारे एक-सप्तमांश असल्याने तबकड्यांना होणारा रोध घटतो, वीज कमी लागते, तापही कमी होतो आणि एकाच पेटीत अधिक पातळ तबकड्या बसतात. साध्या डिस्कच्या पेटीला हवेचा दाब समान राहावा म्हणून गाळणी लावलेले बारीक छिद्र असते. ते कधीही बुजवू नये. हीलियमची डिस्क पूर्णपणे हवाबंद असते. याच्या पुढची पायरी म्हणजे लिहिण्याच्या क्षणी सूक्ष्म लेसरने तबकडीवरचा बिंदू तापवण्याचे तंत्र. २०२४ पासून या तंत्राच्या ३० टेराबाइट आणि त्याहून मोठ्या डिस्क आल्या. त्या प्रामुख्याने माहिती केंद्रांसाठी आहेत.

एक डिस्क की अनेक

एका डिस्कवर सर्व चित्रण असेल, तर ती बंद पडताच सारेच जाते. दोन डिस्क बसवल्या म्हणजे दोन प्रती तयार होतात, असा समज आढळतो. तो बहुतेक वेळा चुकीचा असतो. तशी मांडणी मुद्दाम केली नसेल तर डीव्हीआर दोन्ही डिस्कची जागा एकत्र करून वापरतो आणि एक गेली की तिच्यावरचे चित्रण जाते.

अनेक डिस्क एकत्र बांधून सुरक्षितता मिळवण्याच्या पद्धतीला रेड म्हणतात. रेड १ मध्ये दोन डिस्कवर एकच मजकूर लिहिला जातो. रेड ५ मध्ये एका डिस्कइतकी जागा पडताळणीच्या माहितीसाठी राखली जाते आणि कोणतीही एक डिस्क गेली तरी चित्रण टिकते. रेड ६ मध्ये दोन डिस्कइतकी जागा राखली जाते आणि दोन गेल्या तरी निभावते. नवी डिस्क बसवल्यावर तिची माहिती पुन्हा उभारायला वेळ लागतो. १२ टेराबाइटची डिस्क सेकंदाला २०० मेगाबाइट या गतीने भरायला किमान १६ ते १७ तास लागतात. चित्रण चालू असताना त्याहून अधिक. या काळात दुसरी डिस्क गेली तर रेड ५ तग धरू शकत नाही, म्हणून मोठ्या व्यवस्थेत रेड ६ पसंत केली जाते. आग, पूर, चोरी वा विजेचा झटका यांपासून मात्र रेड वाचवत नाही. चोर डीव्हीआरच उचलून नेतात तेव्हा त्यातल्या सर्व प्रती एकदमच जातात. म्हणून पेटी गल्ल्याजवळ उघड्यावर न ठेवता कुलूपबंद जागी ठेवावी.

घरगुती वायफाय कॅमेऱ्यांत डिस्कऐवजी मेमरी कार्ड असते. १२८ गिगाबाइटचे कार्ड २ मेगाबिटच्या चित्रणाला सहा दिवससुद्धा पुरत नाही. म्हणजे ते वर्षात साठहून अधिक वेळा संपूर्ण भरून पुन्हा लिहिले जाते. कार्ड आणि एसएसडी यांच्यातील स्मृतिपेशी लेखनाने झिजतात. निदान सतत लेखनासाठी बनवलेले, अधिक टिकाऊ श्रेणीचे कार्ड घ्यावे. एसएसडीमध्ये हलणारे भाग नसल्याने ती वाहनांतील कॅमेऱ्यांना सोयीची आहे. एरवी महिनोन्‌महिने चित्रण ठेवण्यासाठी हार्ड डिस्कच स्वस्त पडते.

आपली हवा आणि डिस्क

गोव्याच्या हवामानाचा विचार येथे टाळता येत नाही. पावसाळ्यात हवेतील आर्द्रता दीर्घकाळ ८० टक्क्यांच्या वर राहते आणि किनारी भागात तीत मिठाची भर पडते. याचा त्रास डिस्कच्या बंद तबकड्यांपेक्षा तिच्या उघड्या जोडण्यांना, वीजपुरवठ्याच्या भागाला आणि डीव्हीआरच्या पंख्याला अधिक होतो. जोडण्यांवर गंज चढला की डिस्क मधूनमधून दिसेनाशी होते. वातानुकूलित खोलीतली डिस्क दमट हवेत आणल्यास तिच्यावर दव धरते, म्हणून ती बाहेरच्या तापमानाला येईपर्यंत सुरू करू नये.

उष्णतेचा प्रश्न वर्षभर असतो. अशा डिस्कची कमाल मर्यादा ६५ अंश सेल्सिअसच्या आसपास असते, तरी तिच्या जवळ जाऊ देऊ नये. पोटमाळ्यावर, बंद कपाटात किंवा पत्र्याखाली ठेवलेला डीव्हीआर उन्हाळ्यात फार तापतो. भोवती मोकळी हवा आणि साफ पंखा एवढ्यानेही डिस्कचे आयुष्य वाढते. वीज वारंवार जात असेल तर यूपीएस आवश्यक समजावा. अचानक वीज गेली की हेडला घाईने आपल्या विसाव्याच्या जागी परतावे लागते आणि त्या क्षणी लिहिले जात असलेले चित्रण अर्धवट राहते. विजांच्या दिवसांत बाहेरच्या कॅमेऱ्याच्या तारेतून आलेला झटका डीव्हीआरपर्यंत पोचू शकतो, म्हणून तारांवरही संरक्षक उपकरण बसवावे.

न्यायालयाच्या दारात

साठवणीची मुदत हा केवळ सोयीचा विषय राहिलेला नाही. परमवीर सिंग सैनी विरुद्ध बलजित सिंग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी देशातील प्रत्येक पोलीस स्थानकात सीसीटीव्ही बसवण्याचा आदेश दिला. चित्रण १८ महिने जतन करावे आणि बाजारातील उपकरणांची तेवढी क्षमता नसेल तर शक्य तितका अधिक काळ, पण एका वर्षाहून कमी नव्हे, असे त्यात बजावले आहे. कोठडीतील वागणुकीविषयी तक्रार करणाऱ्या नागरिकाला हे चित्रण उपलब्ध असणे किती मोलाचे आहे, हे सांगायला नको. वरच्या सूत्राने पाहिले तर २ मेगाबिटच्या एका कॅमेऱ्याला १८ महिन्यांसाठी सुमारे ११.८ टेराबाइट लागतात आणि दहा कॅमेऱ्यांना ११८ टेराबाइट. रेड ६ मध्ये १२ टेराबाइटच्या बारा डिस्क लावल्या तरच ही गरज भागते. दोन डिस्कच्या साध्या पेटीला हे पेलणारे नाही. आदेशाचे पालन झाले की नाही याचे उत्तर भिंतीवरील कॅमेऱ्यांच्या संख्येत नसून पेटीतील डिस्कच्या क्षमतेत आहे.

चित्रण पुराव्यात सादर करण्याचे नियमही ठरलेले आहेत. महाराष्ट्रातील जालना मतदारसंघाच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीवरून झालेल्या वादात, उमेदवारी अर्ज मुदतीनंतर स्वीकारले गेले का, यासाठी निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील व्हिडिओ चित्रण महत्त्वाचे ठरले. त्या खटल्यात १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की मूळ उपकरण सादर न करता प्रत दिली जात असेल, तर कायद्यात सांगितलेले प्रमाणपत्र अनिवार्य आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये ही तरतूद असून, प्रमाणपत्राच्या नमुन्यात डीव्हीआरचा स्वतंत्र उल्लेख आहे. उपकरणाचा प्रकार, मॉडेल व अनुक्रमांक यांबरोबर फाइलचे हॅश मूल्य द्यावे लागते. फाइलच्या मजकुरावरून गणिताने काढलेली ही संख्या म्हणजे तिच्या बोटांचे ठसेच. फाइलमध्ये एक बिट जरी बदलला तरी हॅश वेगळा येतो.

म्हणून घटना घडताच पहिले काम म्हणजे त्या वेळेचे चित्रण कुलूपबंद करणे किंवा त्याची प्रत काढणे, जेणेकरून ते आपोआप पुसले जाणार नाही. प्रत डीव्हीआरच्या मूळ स्वरूपात काढावी. पडद्याचे मोबाइलवर केलेले चित्रण हा तिचा पर्याय नव्हे. डीव्हीआरचे घड्याळ आणि खरी वेळ यांत किती अंतर आहे ते लगेच लिहून ठेवावे. डिस्क काढून घरच्या संगणकाला जोडू नये. बऱ्याच डीव्हीआरची लेखनपद्धत संगणकाला ओळखता येत नाही. मग तो डिस्क नव्याने तयार करण्याची परवानगी मागतो आणि घाईत दिलेल्या एका होकाराने पुरावा नाहीसा होऊ शकतो.

महिन्यातून दहा मिनिटे

हिरवा दिवा लागलेला आहे आणि मोबाइलवर थेट चित्र दिसते, एवढ्यावरून चित्रण साठते आहे असे सिद्ध होत नाही. डिस्क बंद पडली तरी थेट चित्र दिसतच राहते. म्हणून महिन्यातून एकदा पुढील तपासणी करावी. सर्वांत जुन्या उपलब्ध तारखेचे चित्रण प्रत्यक्ष चालवून पाहावे. ती तारीख आपल्या हिशेबाशी जुळली पाहिजे. मधल्या कोणत्याही दोन दिवसांचे रात्रीचे चित्रण उघडून सलगता पाहावी. घड्याळ बरोबर आहे याची खात्री करावी. डिस्क बिघडल्यास इशारा देण्याची सोय चालू आहे ना, ते पाहावे.

शेवटी डिस्कचा आरोग्य तक्ता उघडावा. पुष्कळ डीव्हीआरमध्ये तो स्मार्ट या नावाने असतो. त्यात बदललेल्या खराब जागांची संख्या आणि तपासणीच्या प्रतीक्षेतील जागांची संख्या पाहावी. ती शून्याहून अधिक होऊन महिन्यागणिक वाढत असेल, तर डिस्क बंद पडण्याची वाट न पाहता बदलावी. त्याच तक्त्यात एकूण चाललेले तास असतात. नवी म्हणून घेतलेल्या डिस्कवर पहिल्याच दिवशी हजारो तास दिसले, तर ती वापरलेली असण्याचा दाट संशय घ्यावा आणि तत्काळ परत करावी.

खरेदीच्या वेळी विक्रेत्याला विचारायचे प्रश्नही मोजकेच आहेत. एकूण बिटरेट किती ठेवणार? त्यावरून किती दिवसांचे चित्रण राहील? डिस्कचा मॉडेल क्रमांक कोणता, ती सीएमआर आहे का आणि वर्षाला किती टेराबाइट कामासाठी बनवलेली आहे? ही उत्तरे दरपत्रकावर लेखी घ्यावीत. ‘महिनाभर पुरेल’ या तोंडी शब्दापेक्षा १०.८ ने केलेला गुणाकार अधिक भरवशाचा असतो, आणि तो कोणालाही करता येतो.